साका थोडा चालेल, स्वच्छ हवा

ॲडलेडच्या कूपर्स ब्रुअरीची पेल एल ग्लासात ओतण्याआधी तिथली बरीच मंडळी बाटली आडवी धरून हलकेच फिरवून घेतात. तळाशी बसलेला साका वर यावा आणि बिअर गढूळच प्यायला मिळावी, असा त्यामागचा हेतू. हा साका म्हणजे यीस्ट. बिअर बाटलीत भरताना आत थोडी साखर आणि थोडं यीस्ट राहू दिलं, की झाकणाखाली पुन्हा एकदा आंबवण होतं. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट नसल्याने बिअरमध्येच विरघळतो, आणि काम संपलेलं यीस्ट तळाशी जाऊन बसतं. घरी बिअर बनवणाऱ्याच्या दृष्टीने या पातळ थराचं मोल मोठं आहे, कारण ज्या यीस्टने ती बिअर घडवली तेच तिथे जिवंत सापडतं. ते काढून, वाढवून, आपल्या वीस-तेवीस लिटरच्या बॅरलला पुरेल इतकं कसं करायचं, याबद्दल हा लेख आहे. या कामात मिळणारा पहिला सल्ला बहुधा असा असतो: जितक्या जास्त बाटल्यांचा साका एकत्र कराल तितकं बरं. हा सल्ला मला पटत नाही. कमी पडलेलं यीस्ट वाढवून घेता येतं. साक्याबरोबर आत शिरलेली घाण मात्र पुढे वेगळी काढता येत नाही. म्हणून बाटल्या कमी आणि काळजी जास्त, असा क्रम मी मांडणार आहे.

आधी कायद्याचं. ऑस्ट्रेलियात स्वतः पिण्यासाठी घरी बिअर बनवायला परवाना लागत नाही आणि अबकारी करही भरावा लागत नाही, पण ती विकता येत नाही. दारू गाळण्याचा प्रकार मात्र परवान्याशिवाय तिथेही गुन्हाच आहे. ब्रिटनमध्ये ही मोकळीक १९६३ पासून आहे. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर १९७८ च्या कायद्याने ती मिळाली, आणि अलाबामा व मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये त्यात आली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते घरच्यापुरतं का असेना. त्यामुळे पुढची कृती मेलबर्न, सिडनी, ॲडलेडच्या आणि अशाच मोकळीक असलेल्या देशांतल्या मराठी वाचकांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ती समजून घेण्यापुरती वाचावी.

उदाहरण कूपर्सचं घेतो, कारण ते या कामाला सर्वांत सोपं आहे आणि त्याचा उपयोगही खरा आहे. थॉमस कूपर यांनी १८६२ मध्ये सुरू केलेली ही ब्रुअरी घरगुती ब्रूइंगचे संचही विकते. माल्टच्या अर्काचा डबा आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली कोरड्या यीस्टची पुडी. हे पुडीतलं यीस्ट भरवशाचं आहे, उकाड्यातही काम करतं, पण ते पेल एलच्या बाटलीतलं यीस्ट नाही. दोन्हींनी बनवलेली बिअर शेजारी ठेवून प्यायली तर फरक लगेच कळतो. बाटलीतल्या यीस्टला पेअरसारखा फळाचा गंध आहे, तापमान वाढलं की त्याचं केळं होतं, आणि ते खाली बसायला वेळ घेतं, म्हणून बिअरला तो ओळखीचा गढूळपणा येतो. माल्ट आणि हॉप्स दुकानात मिळतात, पाणी नळाला येतं. एका बिअरला दुसरीपासून वेगळं करणारा मोठा वाटा यीस्टचा असतो आणि तेवढंच काय ते बाटलीत बंद असतं. ब्रूअर मंडळींना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियान हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, ते यीस्ट बदललं की बिअर बिघडते हे लक्षात आल्यामुळेच. बेल्जियमच्या डुव्हेल या बिअरचं यीस्टही मुळात स्कॉटलंडहून आलेलं आहे.

आता बाटलीची निवड. साका दिसला म्हणजे आपल्याला हवं ते यीस्ट मिळालं, असं होत नाही. काही ब्रुअऱ्या मुख्य आंबवण एका यीस्टने करतात, मग बिअर गाळून घेतात आणि बाटलीत भरताना दुसरंच यीस्ट घालतात. ते घट्ट बसणारं आणि स्वतःची चव न सोडणारं असतं, अनेकदा लागरचं. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हा प्रकार बराच आढळतो, आणि काही गढूळ गव्हाच्या बिअर तर पाश्चराइझ केलेल्या असतात, म्हणजे त्यांचा साका मेलेलाच असतो. असला साका कितीही निगुतीने वाढवला तरी लवंग-केळ्याचा तो गंध हाती येणार नाही. म्हणून मुख्य आंबवण आणि बाटली या दोन्हींत एकच यीस्ट वापरणाऱ्या बिअरच घ्याव्यात. कूपर्सची पेल एल तशी आहे, कॅलिफोर्नियातल्या चिको गावची सिएरा नेव्हाडा पेल एल तशी आहे, जर्मनीची श्नायडर वाइसची मूळ बिअर तशी आहे. बेल्जियमच्या ऑर्व्हाल या बिअरची गोष्ट निराळी. त्या बाटलीत नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटॅनोमायसिस नावाची वेगळी जात मुद्दाम घातलेली असते. ती एकदा आपल्या नळ्यांत आणि प्लॅस्टिकच्या भांड्यांत शिरली की निघता निघत नाही. पहिल्याच प्रयत्नात तिच्या वाटेला जाऊ नये.

एकाच घराण्याच्या दोन बिअर असतील तर सौम्य असेल ती निवडावी. अल्कोहोल हे यीस्टने स्वतःच तयार केलेलं असलं तरी त्यात महिनोन्‌महिने बसून राहणं त्याला मानवत नाही. बेल्जियमच्या वेस्टमाल ब्रुअरीच्या ट्रिपेलमध्ये ९.५ टक्के अल्कोहोल असतं आणि डबेलमध्ये ७, म्हणून साक्यासाठी डबेल बरी. कूपर्समध्ये पेल एल ४.५ टक्के, स्पार्कलिंग ५.८ आणि स्टाउट ६.३. तेव्हा पेल एलच. बाटली ताजी असावी, शक्यतो खप जास्त असलेल्या दुकानातली, फ्रिजमध्ये ठेवलेली, काचेमागे उन्हात मांडलेली नसावी. आयात केलेली बेल्जियन बाटली जहाजातून उन्हाळा काढून आलेली असते. तिच्यातलं यीस्ट जिवंत निघू शकतं, पण थोडं आणि थकलेलं. परदेशी नावाच्या मोहाने पहिला प्रयोग तिच्यावर करण्यापेक्षा गावातली ताजी बाटली घेतलेली बरी.

आता हिशेबाकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. बाटलीत आंबवण नीट व्हावं म्हणून भरताना दर मिलिलिटरला साधारण दहा लाख यीस्ट पेशी असाव्यात, असा ठोकताळा आहे. ३७५ मिलिलिटरच्या बाटलीत त्या ३७.५ कोटी झाल्या. दुकानात आणि वाटेत गेलेल्या महिन्यांत निम्म्या मेल्या असं धरू. उरल्या सुमारे १९ कोटी. एलच्या आंबवणासाठी वर्टच्या, म्हणजे माल्टच्या न आंबवलेल्या गोड द्रवाच्या, दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (हे त्यातल्या साखरेचं माप) साडेसात लाख पेशी लागतात. पेल एलसारखा ११ अंशांचा २३ लिटर वर्ट असेल तर हा आकडा १९ हजार कोटींच्या घरात जातो. म्हणजे एका बाटलीतलं यीस्ट हजारपटीने वाढायला हवं. हा आकडा ऐकूनच माणसं सहा बाटल्या आणायला निघतात. पण यीस्ट दुपटीने वाढतं, आणि दहा वेळा दुप्पट झालं की हजारपट होतं. सहा बाटल्या एकत्र केल्या तर किती वाचतं? साडेसात दुपटींच्या आसपास काम होतं, म्हणजे तीनहून कमी दुपटी वाचतात. खायला मिळालेलं, जागं झालेलं यीस्ट खोलीच्या तापमानाला दोन-तीन तासांत दुप्पट होतं. म्हणजे पाच जादा बाटल्यांच्या बदल्यात वाचले ते पाच ते आठ तास. आणि त्यासाठी उघडली पाच झाकणं, हाताळली पाच तोंडं, आणि त्या पाचांपैकी एखादी बाटली आतूनच बिघडलेली असेल तर तिने बाकीच्या सगळ्यांना नासवलं.

घाणीचा हिशेबही याच गणिताने चालतो. गोड वर्टमध्ये येणारे काही जिवाणू यीस्टपेक्षा वेगाने दुप्पट होतात. आम्लता वाढून आणि अल्कोहोल तयार होऊन त्यांची वाट अडेपर्यंत पहिले काही तास रान त्यांचंच असतं. ज्या दहा दुपटी आपण यीस्टसाठी घडवून आणतो, त्याच काळात जिवाणूच्या त्याहून जास्त होऊ शकतात. बाजारातलं पाकीट थेट २३ लिटरमध्ये टाकलं तर आत गेलेला जिवाणू कोट्यवधी पेशींच्या गर्दीत दबून जातो. साक्यापासून सुरुवात केली की ती गर्दी नसते, आणि एका चुकीला वाढायला पुरेपूर वेळ मिळतो. साक्याच्या कामात स्वच्छतेचा निकष पाकिटाच्या कामापेक्षा कितीतरी कडक ठेवावा लागतो तो याचसाठी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. यीस्ट थोडं असेल तर जागं व्हायला वेळ लावतं, आणि तो रिकामा वेळच जिवाणूंच्या पथ्यावर पडतो, तेव्हा संख्या हीच स्वच्छतेची हमी नाही का? यात तथ्य आहे, पण इथे एकूण संख्येपेक्षा दाटी महत्त्वाची आहे. १९ कोटी पेशी एक लिटर वर्टमध्ये टाकल्या तर मिलिलिटरमागे दोन लाखही येत नाहीत. त्याच पेशी तळाच्या वीस मिलिलिटर बिअरसकट पन्नास मिलिलिटर वर्टमध्ये ठेवल्या तर मिलिलिटरमागे सत्तावीस लाख होतात. म्हणजे ब्रुअरीने बाटली भरताना ठेवली होती त्याहून जास्त दाटी, तीही एकाच बाटलीतून. शिवाय त्या वीस मिलिलिटर बिअरमध्ये अल्कोहोल, हॉप्सचा कडूपणा आणि कमी झालेला पीएच हे तिघेही राखणीला असतात. पहिला घास लहान ठेवला की आक्षेपाची धार जाते. विरजणाशी या कामाची तुलना मनात येणं साहजिक आहे, आणि ती एका मर्यादेपर्यंतच खरी आहे: कवडीभर दह्याने पातेलंभर दूध लागतं खरं, पण ते दही कालचं, धडधाकट असतं. साक्यातलं यीस्ट महिनोन्‌महिने उपाशी आहे. त्याचा साठवलेला ग्लायकोजेन संपलेला आहे, आणि पेशीचं आवरण लवचिक ठेवणारी स्टेरॉल्सही घटलेली आहेत. त्याला एकदम दाट गोड वर्ट दिला तर साखरेच्या दाबानेच आणखी पेशी मरतात. म्हणून पहिला वर्ट पातळ हवा, आणि त्यात हवा भरपूर मिसळलेली हवी, कारण स्टेरॉल्स नव्याने घडवायला यीस्टला प्राणवायू लागतो.

वर्ट बनवायला कोरडा माल्ट अर्क घ्यावा. साखर नको, कारण साध्या साखरेवर वाढवलेलं यीस्ट पुढे माल्टोज पचवायला कुरकुरतं. लिटरला ५० ग्रॅम अर्क म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या आसपास, १०० ग्रॅम म्हणजे १.०४० च्या जरा अलीकडे. पहिल्या घासाला पातळ, पुढच्या दोन्हींना दाट. उकळताना हॉप्सच्या एक-दोन गोळ्या टाकल्या तर दह्यातल्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना आळा बसतो. यीस्टसाठी मिळणाऱ्या पोषक पुडीतली चिमूटही घालावी. आणि मराठी घरात या कामासाठी लागणारं सर्वांत चांगलं उपकरण आधीच असतं, ते म्हणजे प्रेशर कुकर. नुसत्या उकळीने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. कुकरमध्ये दाब चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास गेला की तापमान १२१ अंशांपर्यंत पोहोचतं, आणि तिथे वीस मिनिटांत तेही संपतात. काचेच्या बरण्या अर्ध्याच भराव्यात, झाकणं सैल ठेवावीत, वरून फॉइल घट्ट दाबावं, तळाशी जाळी आणि पाणी. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून वीस मिनिटं धरावीत, आणि मग कुकर आपोआप निवू द्यावा. शिट्टी उचलून वाफ सोडली तर बरण्यांमधला वर्ट उसळून फॉइलबाहेर येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एक सावधगिरी जिवावरची आहे: नुसता उकळलेला वर्ट झाकण लावून ओट्यावर दिवसेंदिवस ठेवू नये. त्याची आम्लता बॉट्युलिझमचा जिवाणू रोखायला पुरेशी नसते. कुकरमधून काढलेला ठेवायचा, नाहीतर त्याच दिवशी ताजा बनवायचा.

बाटली फ्रिजमध्ये उभी, चार-पाच दिवस न हलवता ठेवावी. उघडण्याच्या दिवशी स्वयंपाकघरातला पंखा बंद, खिडकी बंद, कारण हवेतली धूळ हीच जिवाणूंची गाडी असते. बाटलीचं तोंड झाकणासकट फॉस्फोरिक आम्लाच्या, धुवावं न लागणाऱ्या जंतुनाशकात बुडवून घ्यावं. झाकण काढल्यावर काचेच्या कडेवर लायटरची ज्योत एकदा फिरवावी, काच तापवायची गरज नाही, आणि अल्कोहोलवालं जंतुनाशक वापरलं असेल तर ते पूर्ण वाळू द्यावं. मग एकाच संथ धारेत बिअर ग्लासात ओतावी, मध्ये थांबू नये, कारण बाटली सरळ केली की साका उठतो. साक्याची जीभ बाटलीच्या खांद्यापर्यंत सरकताना दिसते. ती मानेत शिरण्याआधी थांबावं. तळाशी वीसेक मिलिलिटर बिअर उरेल. तोंडावर जंतुनाशकात भिजवलेलं फॉइल लगेच ठेवावं.

आणि पुढे काहीही करण्याआधी ग्लासातली बिअर चाखावी. ही पहिली परीक्षा. ती आंबट, ओल्या पुठ्ठ्यासारखी किंवा औषधी लागली तर त्या बाटलीचा साका टाकून द्यावा. चव बरोबर असेल तर खोलीच्या तापमानाला आलेला पन्नास मिलिलिटर पातळ वर्ट सरळ त्याच बाटलीत ओतावा. साका दुसऱ्या भांड्यात काढण्याचा खटाटोप करू नये, कारण दर ओतण्याला एक धोका असतो, आणि बाटलीइतकं राखलेलं भांडं घरात दुसरं नाही. फॉइल सैलच असावं, बूच कधीही मारू नये, नाहीतर वायूने बाटली फुटेल. वीस ते पंचवीस अंशांना ठेवून जाता-येता तिला हलवत राहावं. दोन बाटल्या घेतल्या असतील तर दोन्ही वेगवेगळ्या वाढवाव्यात. एकत्र केल्याने एक दुपट वाचते, वेगळं ठेवल्याने एक तुलना मिळते, आणि या टप्प्यावर तुलना जास्त कामाची आहे.

पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही. दोन ते पाच दिवसांत द्रव धुरकट होतो, हलवल्यावर बारीक फेस मानेपर्यंत चढतो, आणि बाटली स्वस्थ ठेवली की तळाचा थर आधीच्या मातकट साक्यापेक्षा पांढरट, सायीसारखा दिसू लागतो. फेसाचा जाड थर चढण्याची वाट पाहू नये, इतक्या थोड्या द्रवात तो येत नाही. आठवडाभरात काहीच हालचाल नसेल तर साका मेलेला समजावा. हालचाल असेल तर पाचशे मिलिलिटर दाट वर्टमध्ये, आणि तिथलं काम संपल्यावर अडीच लिटरमध्ये. न ढवळलेल्या वर्टमध्ये यीस्ट मिलिलिटरमागे पाच ते दहा कोटींवर जाऊन थांबतं, त्यामुळे अडीच लिटरमधून साडेबारा ते पंचवीस हजार कोटी पेशी मिळतील. वरच्या टोकाला आपली १९ हजार कोटींची गरज भागते, खालच्या टोकाला भागत नाही. पहिल्या वेळी २३ ऐवजी बारा लिटरचीच बिअर करावी असं मी सुचवतो ते त्यामुळे.

इथवर सगळे येतात. चुकतात ते पुढे, कारण बरणीत फेस आला की माणसाला वाटतं, जिंकलो. फेसावरून एवढंच कळतं की काहीतरी वाढलं. ते आपलंच यीस्ट आहे का, हे कळायला निराळा पुरावा लागतो, आणि तो मिळवायला खर्च जवळजवळ नाही. पहिल्या दिवशी वर्टची एक जादा बरणी भरावी, तिच्यात यीस्ट अजिबात घालू नये, आणि तीही फॉइल लावून बाटलीशेजारी ठेवावी, आणि बाटली जेव्हा जेव्हा उघडाल तेव्हा या बरणीचंही फॉइल तेवढाच वेळ उचलावं. ही कोरी बरणी तीन-चार दिवसांनी गढूळ झाली, तर आपला वर्ट, बरण्या किंवा हात स्वच्छ नाहीत, आणि शेजारच्या बाटलीतल्या वाढीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. ती नितळ राहिली तर निदान आपल्या बाजूने घाण गेलेली नाही. बाटलीतूनच काही आलं असेल तर ते कोरी बरणी सांगणार नाही, त्यासाठी नाक आणि जीभ. अडीच लिटरचं आंबवण संपलं की बरणी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी, वरचा नितळ द्रव ओतून घ्यावा आणि त्याच बिअरची ताजी बाटली उघडून दोन्ही शेजारी शेजारी चाखावेत. कमी हॉप्सचा, हलवून वाढवलेला द्रव बिअरइतका चवदार नसणारच, पण त्यात आंबटपणा, व्हिनेगर, नेलपॉलिश किंवा बँडेडसारखा वास नसावा.

लवंगेचा वास इथे विशेष बोलका आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात १५७ यीस्ट वाणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रानटी यीस्टमध्ये हा लवंगी वास तयार करणारी जनुकं शाबूत असतात, आणि बिअरच्या बहुतेक पाळीव वाणांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत ती गमावली आहेत, असं त्यातून दिसलं. तेव्हा पेल एलच्या साक्यातून वाढवलेल्या द्रवाला लवंगेचा वास आला तर आत परकं यीस्ट शिरलंय असं समजून सगळं ओतून द्यावं. जर्मन गव्हाच्या बिअरच्या साक्यात मात्र तोच वास हवा असतो, कारण ते वाण या नियमाला अपवाद आहे. म्हणून कुठल्याही पुस्तकी यादीपेक्षा मूळ बिअर हाच मापदंड धरावा. ज्यांना आणखी खोलात जायचं आहे त्यांनी चायना ग्रास आणावं. ते अगार-अगारच आहे. लिटरभर वर्टला पंधरा-वीस ग्रॅम घालून, कुकरमध्ये निर्जंतुक करून, बशांमध्ये थिजवलं की त्यावर यीस्टच्या रेघा ओढता येतात आणि सुट्या वसाहती वेगळ्या दिसतात. एकसारख्या, दुधी, गुळगुळीत ठिपक्यांमध्ये वेगळ्या रंगाचा वा सुरकुतलेला ठिपका उठून दिसतो.

इतकं करण्यापेक्षा पाकीट का घेऊ नये, असं कोणी विचारेल. वेळेच्या हिशेबाने त्याचं बरोबर आहे. ज्याला फक्त चांगली बिअर हवी आहे त्याने कोरडं यीस्टच वापरावं, त्यात कमीपणा नाही. कूपर्सच्या घराण्यातलं मानलं जाणारं द्रव यीस्टही प्रयोगशाळा विकतात, पण ते दर दुकानात, दर आठवड्याला ताजं मिळतंच असं नाही, आणि पेल एलची बाटली मिळते. दुसऱ्याचं यीस्ट असं घेणं योग्य का, हा प्रश्नही रास्त आहे. घरी पिण्यापुरतं वाढवण्यात कोणाचं नुकसान दिसत नाही, आणि कूपर्सने तर बाटलीतलं यीस्ट वाढवण्याची पद्धत घरगुती ब्रूअर्सना स्वतःच सांगितली आहे. तेच यीस्ट वाढवून विकायला काढणं मात्र मला मान्य नाही.

बिअर बनवताना पहिल्या तीन-चार दिवसांत सोळा ते अठरा अंश धरावेत. वीसच्या वर गेलं की केळं पुढे येतं, आणि ॲडलेडच्या जानेवारीत उघड्या गॅरेजमध्ये ते हमखास जातं, तेव्हा एकतर फ्रिजची सोय करावी नाहीतर हे काम मे ते सप्टेंबरात करावं. यीस्ट साठवायचं असेल तर बॅरलच्या तळाच्या गाळातून काढण्यापेक्षा अडीच लिटरच्या बरणीतूनच, बॅरलमध्ये ओतण्याआधी, तीन-चारशे मिलिलिटर बाजूला काढावं. त्यात हॉप्सचा आणि प्रथिनांचा कचरा नसतो, आणि हाताळणीही एकदाच झालेली असते. बरणीवर बिअरचं नाव, तारीख आणि पिढी लिहावी, झाकण किंचित सैल ठेवावं, आणि फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, जिथे तापमान स्थिर असतं तिथे ठेवावं. महिनाभरात वापरायचं असेल तर एका लिटरच्या दाट वर्टने जागं करून पुन्हा अडीच लिटरवर न्यावं. दोन-तीन महिने झाले असतील तर पुन्हा पन्नास मिलिलिटरपासून सुरुवात करावी, आणि दर वेळी कोरी बरणी शेजारी ठेवावीच. चार-पाच पिढ्यांनंतर, किंवा वास जरा जरी बदलला तर त्याआधीच, बरणी ओतून द्यावी आणि दुकानातून नवी बाटली आणावी.